भांगापासून उधाणापर्यंत

मी शाळेत भूगोल शिकवायचे. पुस्तकातला ‘हवामान बदल’ हा धडा अगदी शेवटी असायचा, आणि शेवटचे धडे मार्च महिन्यात कसे शिकवले जातात हे कुठल्याही शिक्षकाला सांगायला नको. २२ वर्षं मी तो २० मिनिटांत उरकला. शाळा सोडल्यावर श्रीवर्धनच्या मामाचा फोन आला, “वाडी आता कुठे सावरतेय, बघायला ये.” तेव्हा ठरवलं की नुसतं मामाकडे जायचं नाही, किनाऱ्याने खाली वेंगुर्ल्यापर्यंत जायचं. सोबत बहिणीचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गाडी त्याने चालवायची, पेट्रोल मी भरायचं, असा करार झाला.

दिवसांच्या पुढे तारखेऐवजी तिथी लिहिली आहे. तिचं कारण पहिल्याच दिवशी कळलं.

दिवस पहिला, माघ शुद्ध दशमी: पेण ते शहापूर

खोपोलीचा घाट उतरून पेणला पोह्याचे पापड घेतले (न घेता पुढे जाणाऱ्याला माझी बहीण घरात घेत नाही) आणि वडखळवरून अलिबागच्या रस्त्याला लागलो. पोयनाडहून आत वळलं की डोंगर मागे राहतो आणि जमीन एकदम सपाट होते. भाताची कापलेली खुंटं, काळी भेगाळलेली माती, घराघराशेजारी एकेक तळं आणि क्षितिजावर मातीची एक लांबच लांब रेघ. हा खारेपाट. ती रेघ म्हणजे काठा, खाडीचं पाणी अडवणारा बांध. भरतीच्या वेळी बांधापलीकडचं पाणी अलीकडच्या शेतापेक्षा उंच असतं. म्हणजे आपण उभे असतो ती जागा खरं तर समुद्राची आहे, माणसांनी ती चिखल आणि पेंढा थापून त्याच्याकडून मागून घेतलेली.

होस्टेलवरची माझी मैत्रीण लग्न होऊन शहापुरात आली. तिचे सासरे, ज्यांना सगळं गाव बाबा म्हणतं, आम्हाला काठ्यावर घेऊन गेले. वय अठ्ठ्याहत्तर, पायांत चप्पल नाही, चाल माझ्या दुप्पट. भाच्याने मोबाईल काढून भरतीची वेळ बघायला सुरुवात केली.

“पोरा, तो सांगलच. पन आदी तिथी इचार,” बाबा म्हणाले. “आज दशमी. दहाची पाऊनपट कर.”

“साडेसात.”

“मग साडेसाताला भरती. सकालची गेली, आता संध्याकालची.”

मोबाईलनेही थोड्या मिनिटांच्या फरकाने तेच सांगितलं. भाचा गप्प झाला, आणि पुढचे पाच दिवस त्याने प्रत्येक गावात हा हिशेब करून पाहिला. अष्टमीच्या आसपास पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी असतो, त्याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. “आता भांग सरला. पुनवंला बगा पानी,” बाबा म्हणाले. आम्ही पौर्णिमेला वेंगुर्ल्यात असणार होतो.

काठ्यात मधे मधे उघाडी असते. लाकडी झडपांची मोरी म्हणा हवं तर. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला बाहेरच्या पाण्याने तीच झडप घट्ट मिटते. ना वीज, ना पंप, ना माणूस. काठा फुटला की त्याला ‘खांड गेली’ म्हणतात. पूर्वी खांड गेल्याची हाक आली की घरटी एक माणूस चिखल-पेंढा घेऊन निघायचा, रात्र असो वा पाऊस. पुढची भरती यायच्या आत भगदाड बुजवायचं, म्हणजे हातात जेमतेम सहा तास. मग १९४८ साली खारजमिनींचा कायदा आला, १९७९ साली नवा आला, काठे सरकारच्या योजनेत गेले. आता खांड गेली की आधी अर्ज जातो. भरती अर्जाची वाट बघत नाही. तरुण पोरं कंपन्यांत कामाला, त्यामुळे हाक मारली तरी घरटी माणूस येणार कुठून, हेही बाबांनीच सांगितलं. दोष एकट्या सरकारच्या माथी मारून ते मोकळे झाले नाहीत, हे मला आवडलं.

समुद्र वर्षाला किती मिलिमीटर चढतो हे मी फळ्यावर लिहीत असे. बाबांनी काठ्याच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या दगडांकडे बोट केलं. “आमचे येला उधानाचा पानी या दगराला लागं. आता त्या वरच्या दगराला.” दोन दगडांत वीतभर अंतर. शिवाय पाऊस पूर्वीसारखा लागून पडत नाही, एका दिवसात कोसळतो. तो नेमका उधाणाच्या दिवशी कोसळला तर उघाडी मिटलेली आणि आतलं पाणी कोंडलेलं. बांध मग दोन्ही बाजूंनी भिजतो.

एकदा खारं पाणी शेतात शिरलं की मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने मीठ सोसणारी भातं काढली, पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी त्यांची साधी नावं. पण मीठ सोसण्यालाही हद्द आहे. पहिल्या जोरदार पावसाने वरचं मीठ धुतलं की मोड आलेलं बी चिखलात फेकायचं, आणि मग पाऊस तीन आठवडे गायब झाला की खालचं मीठ पुन्हा वर येतं. रोपं सुकून नाही, मिठाने जळून मरतात.

आता खरी गुंतागुंत. दोन-तीन वर्षं खांड तशीच राहिली तर शेतात तिवराची, म्हणजे खारफुटीची रोपं उगवतात. भरतीबरोबर बी येतं, त्याला कुणाचा सातबारा कळतो? २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला बंदी घातली, २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. शहरात, जिथे बिल्डर रातोरात भराव टाकतात, तिथे हा निकाल नसता तर एक झाड उरलं नसतं. मी वर्गात त्याचं कौतुक करत आले आणि अजूनही करते. इथे मात्र ज्याचं शेत बुडालं, त्याच्या शेतात कायद्याने जंगल झालं. काठ्याच्या बाहेरचं तिवर लाटेचा जोर मोडतं, म्हणून खारेपाटातला माणूस ते कधी तोडत नव्हता. बाबा म्हणाले, “काठ्याचे भायेर तिवर आमचा बापूस. शेतान आला का खोत.”

‘खोत’, म्हणजे सारा वसूल करणारा जमीनदार, हा शब्द इथे उगाच येत नाही. इथून जवळच चरी आहे. त्या गावाने आणि आसपासच्या गावांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांविरुद्ध संप करून शेती पडीक ठेवली. नारायण नागू पाटील पुढारी होते, आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे सभेला आले होते. जमीन कुणाची, हा प्रश्न या मातीला नवा नाही. या वेळी समोर उभा राहिलेला फक्त माणूस नाही, झाड आहे.

रात्री जेवायला जिताडा. घराशेजारच्या तळ्यातला. खाडीतून पिल्लं आणायची, पावसाच्या पाण्याच्या तळ्यात सोडायची, वर्ष-दोन वर्षांनी काढायची. पूर्वी हा मासा विकायचा नव्हताच. जावई आला की, किंवा कचेरीत काम अडलं की साहेबाच्या घरी जायचा. आता भात बेभरवशाचं झालं तसं तळ्याने घर उचललं आहे. ज्यांच्याकडे तळं मोठं त्यांचं बरं चाललंय. ज्यांच्याकडे तळं नाही ते नाक्यावर रिक्षा चालवतात.

जेवताना भाच्याने एका अहवालातला ‘अनुकूलन’ हा शब्द वाचून दाखवला. बाबांनी विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, जुळवून घेणं.

स्वयंपाकघरातून मैत्रीण हसली. “म्हणजे सुनेला सांगतात तसं. सासू काही बदलायची नाही, तूच जुळवून घे.”

दिवस दुसरा, एकादशी: श्रीवर्धन

रेवदंडा, मुरूड, आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट फेरीने पलीकडे, आणि दिवेआगरवरून श्रीवर्धन. रस्ता सुंदर आहे, त्यावर लिहिणारे खूप आहेत.

मामाची वाडी १२ गुंठ्यांची. लहानपणी मे महिन्यात इथे यायचो तेव्हा दुपारी बाराला वाडीत संध्याकाळ वाटायची. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी आणि नागवेल, खाली जायफळ, कडेने केळी, सगळ्यांच्या पायाशी पाटाचं पाणी. मामीचं माजघर इतकं अंधारं की तांदूळ निवडायला ओटीवर यावं लागे.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असं वादळ येणं शंभरहून अधिक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. मामा सांगतो, “पंगतीतले सगळे एकदम हात धुवायला उठावेत, तशी वाडी उठली.” पोफळीची मुळं उथळ असतात. एक पडली की ती शेजारचीला घेऊन पडते. दीडशेपैकी ३२ उभ्या राहिल्या. माड नऊ गेले. सगळ्यात आधी जाणवलं ते हे की माजघरात ऊन आलं. मामी म्हणते, “सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याच घराच्या भिंतीचा रंग दिसला.”

वादळातून वाचलेलं पुढच्या उन्हाने मारलं, हे मला माहीत नव्हतं. जायफळ आणि मिरी सावलीतली झाडं. डोक्यावरचं छप्पर गेल्यावर ती दोन उन्हाळ्यांत वाळली. कित्येक आठवडे वीज नव्हती, म्हणजे पंप नव्हता, म्हणजे शिपणं नव्हतं. विहिरीवरचा रहाट २५ वर्षांपूर्वी मोडून भंगारात दिलेला. मामा हे सांगताना विहिरीकडे बघत नाही.

भरपाईचा हिशेब भाच्याने पाटीवर मांडल्यासारखा मांडला. बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले, आणि आधीच्या दराच्या मानाने ते जास्तच होते. पण एक हेक्टर म्हणजे जवळजवळ ९९ गुंठे. १२ गुंठ्यांना आले सहा हजारांच्या आसपास. पडलेली झाडं कापून वाडीबाहेर काढायची मजुरी त्याहून जास्त झाली. पुढे झाडागणिक भरपाईचा विचार झाला, पण मूळ अडचण मोजपट्टीचीच होती: विदर्भातला कापूस आणि श्रीवर्धनची वाडी एकाच एककात मोजता येत नाहीत. इथे माणूस जमिनीवर आडवा पसरत नाही, वर चार मजले चढतो.

मामा सावरला कसा? आधी केळी लावल्या, पैशासाठी म्हणून नाही, सावलीसाठी. पोफळीच्या रोपाला दुपारचं पश्चिमेचं ऊन सोसत नाही. गावातच सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथली ‘श्रीवर्धनी’ जातीची रोपं मिळाली, काही जुन्या रोठा सुपारीचं बी घरचंच होतं. पोफळीला पोय, म्हणजे फुलोरा, यायला पाच-सात वर्षं लागतात. वय एकाहत्तर असताना मामाने ११० रोपं लावली.

“कुणासाठी?” मी विचारलं. त्याचा मुलगा कॅनडात.

“अगं, मोकळी जमीन दिसली की रिसॉर्टवाले गेटपाशी थांबतात. लावलेली दिसली की निदान आत यायला विचारतात.”

श्रीवर्धनपासून दिवेआगरपर्यंत अनेक वाड्यांत आता पोफळीऐवजी खोल्या उभ्या आहेत. त्यांनाही ‘जुळवून घेणं’च म्हणायचं. मला ते बघवत नाही, पण मी पुण्यात राहते. माझं न बघवणं स्वस्तातलं आहे. संध्याकाळी मामाने नव्या पोफळींतल्या एकीला आलेली पहिली पोय दाखवली. हात लावू दिला नाही. एकादशी म्हणून रात्री वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. भाचा कालच्या जिताड्याच्या आठवणीने व्याकूळ.

दिवस तिसरा, द्वादशी: वेळास

हरिहरेश्वराला नमस्कार करून बागमांडल्याहून फेरीने सावित्रीची खाडी ओलांडली आणि वेश्वीला उतरलो. वेळास तिथून जवळ. नाना फडणवीसांचं गाव ही जुनी ओळख, कासवांचं गाव ही नवी. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. तोवर अंडी चोरीला जायची, नाहीतर कोल्ह्याकुत्र्यांच्या पोटात. मग घरटी जाळीच्या कुंपणात हलवली, पिल्लं समुद्रात सोडायला लागले, लोक बघायला यायला लागले, आणि घराघरांतून त्यांना राहायला जागा मिळू लागली. अंडी खाण्यापेक्षा राखण्यात गावाला चार पैसे दिसले. संवर्धनाच्या गोष्टींत हा भाग लाजत सांगतात. मला तर तोच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

आमच्या यजमान ताईंनी मात्र आल्याआल्या सांगून टाकलं, “पिल्लं दिसतील याची गॅरंटी नाही हं. बुकिंग डिसेंबरात होतं, कासवं कॅलेंडर बघत नाहीत.” मादी येण्याचा काळ पुढेमागे सरकायला लागलाय. अंडी घातल्यापासून पिल्लं निघायला ४५ ते ५५ दिवस, तेही वाळू किती तापते त्यावर. म्हणजे मादी महिनाभर उशिरा आली की पिल्लं मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात, आणि ताईंच्या जानेवारीच्या खोल्या रिकाम्या.

वाळूच्या तापमानाची दुसरी भानगड अधिक विलक्षण. कासवाच्या पिल्लाचं लिंग अंड्यात असताना ऊब ठरवते. साधारण २९-३० अंशांच्या वर गेलं की माद्या, खाली राहिलं की नर. वाळू तापत राहिली तर एक दिवस समुद्रात नुसत्या माद्याच. भाच्याने यावर केलेला विनोद इथे देत नाही. कुंपणातल्या घरट्यांवर सावली धरता येते, आणि कासवमित्र उन्हाळ्यात ती धरतातही. पण कुंपणाबाहेर, कुणाला न दिसलेल्या घरट्यावर कोण धरणार?

संध्याकाळी सहाला ४० पर्यटक घरट्यांवर झाकलेल्या टोपल्यांभोवती उभे. टोपली उचलली, खाली वाळू. पुण्याच्याच एका गृहस्थांनी पैसे परत मागितले. कुणाकडे मागितले ते कळलं नाही, बहुधा कासवाकडे.

दिवस चौथा, त्रयोदशी: रस्ता

सकाळी सातला सात पिल्लं निघाली. गृहस्थ रात्रीच निघून गेले होते. एक पिल्लू तीनदा लाटेने परत फेकलं, चौथ्यांदा गेलं ते गेलंच.

नंतर दिवसभर गाडी. दापोली, गुहागर बाजूला ठेवून महामार्ग गाठला, आणि महामार्गाबद्दल कोकणी माणसाशी बोलू नये एवढंच शिकले. देवगडला पोचेपर्यंत रात्रीचे नऊ.

दिवस पाचवा, चतुर्दशी: देवगड, देवबाग

बागायतदार काका सकाळी सातला कलमांत घेऊन गेले. देवगडचा कातळ, त्यात सुरुंगाने खड्डे पाडून माती भरून वाढवलेली कलमं. माघात बाग कशी दिसायला हवी? एका झाडावर एकाच वयाची कणी, म्हणजे नुकती धरलेली बारकी फळं. आम्ही पाहिलं त्या झाडावर लिंबाएवढे आंबे, वाटाण्याएवढी कणी आणि ताजा फुललेला मोहोर, तिन्ही एकाच वेळी. मला ते सुंदर वाटलं. काकांनी माझ्याकडे जशी नजर टाकली तशी मी वर्गात ‘पृथ्वी सपाट आहे’ म्हणणाऱ्या मुलाकडे टाकायचे.

“हा पुनर्मोहोर. थंडी उशिरा पडली, लांबली, झाडाने परत मोहोर काढला. आता झाड सगळा रस नव्याकडे पाठवणार, जुनी कणी गळणार.” खाली खच पडलेला होताच. हापूसला पालवी जून व्हायला ऊन हवं, मग नोव्हेंबर-डिसेंबरात नेमकी थंडी हवी, मग कोरडं आभाळ. या तीन गोष्टी आता ओळीने येत नाहीत. पाऊस नोव्हेंबरात रेंगाळतो, मोहोरावर ढग येतात, ढगाबरोबर तुडतुडे आणि थ्रिप्स, म्हणजे फवारणी. फवारणीवर फवारणी. फेब्रुवारीतच पारा चढला की फळ भाजतं.

हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे. पण तो आंब्याकडे बघून मिळत नाही, महसूल मंडळातल्या हवामान यंत्रावरच्या आकड्यावरून ठरतो. यंत्र पठारावर, बाग दरीत. यंत्राला पाऊस लागला नाही तर तुमच्या बागेत पडलेला पाऊस पडलेलाच नसतो. श्रीवर्धनच्या मोजपट्टीची इथे सख्खी बहीण भेटली.

काका उंच जुन्या कलमांची छाटणी करून ती बुटकी करताहेत, म्हणजे फवारणी कमी लागते आणि वाऱ्याला कमी सापडतात. फळांना कागदी पिशव्या घालताहेत. मोठ्या बागेला हे परवडतं. ज्याची २० कलमं आहेत त्याने बाग कराराने देऊन टाकली आहे, आणि कराराने घेणारा झाडाच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार कशाला करेल?

पिशव्या घालत होता तो राखणदार नेपाळचा. कोकणातल्या बागा आता नेपाळी माणसांवर उभ्या आहेत. गावी शेती नाही का, विचारलं. म्हणाला, आहे, डोंगराचा झरा आटला, मका होत नाही. एका झऱ्यापायी निघालेला माणूस इतक्या लांब येऊन दुसऱ्याच्या मोहोराची राखण करतोय. त्याच्यासाठी आमच्या अहवालांत कुठला रकाना आहे, ते मी शोधते आहे.

दुपारी मालवण. जेवून देवबागला. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची अरुंद पट्टी आणि तिच्यावर अख्खं गाव. समुद्राच्या बाजूला काळ्या दगडांचा बंधारा. नोव्हेंबर २००९ चं फयान, ऑक्टोबर २०१९ चं क्यार, मे २०२१ चं तौक्ते. इथे मुलांची वयं वादळांवरून सांगतात. “ह्यो फयानातलो,” असं म्हणून आमच्या यजमान दादांनी आपला मुलगा पुढे केला. ते रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे. सकाळी रापण, दुपारी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला बोट, घरात वहिनींच्या तीन खोल्या.

भाच्याने मोबाईलवर ‘विंडी’ हे हवामानाचं अॅप उघडून वाऱ्याचे रंग दाखवले. दादांनी आपला मोबाईल काढला. “तां माझ्याकडे पण आसा.” मग अर्धा तास दोघं एकमेकांना आकाश दाखवत बसले.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या (आयआयटीएम) शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं की गेल्या चार दशकांचा विचार करता अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या अलीकडच्या दोन दशकांत ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागराला वादळं पाठ होती. हा समुद्र त्यामानाने थंड, शांत. आता त्याचं पाणी तापलंय आणि वादळ तिथे जास्त वेळ तग धरतं. दादांच्या भाषेत: “आधी बावटो वर्सान एकदा लागा. आता उतराक फुरसत नाय.” बावटा, म्हणजे बंदरावरचा धोक्याचा झेंडा, लागला की होडी काठावर. जून-जुलै बंदी, नारळी पौर्णिमेनंतर हंगाम, आणि नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबर, जेव्हा मासळी जवळ येते, तेव्हा बावटे.

मासळी कमी झाली ती मात्र सगळी हवामानामुळे नाही. दादांनी पर्ससीनच्या, म्हणजे माशांच्या थव्याला घेरून ओढणाऱ्या मोठ्या जाळ्यांबद्दल आणि रात्री एलईडी लावून मासे ओढणाऱ्या बोटींबद्दल जे सांगितलं ते छापण्याजोगं नाही. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, पण समुद्रात रात्री दिवे दिसतातच. तापमानवाढीचं नाव पुढे केलं की बोटमालकही सुटतो आणि कर्लीतली वाळू उपसणाराही. ‘जागतिक’ कारण असलं की गावातल्या कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

बंधाऱ्याचंही तसंच. जिथे दगड आहेत तिथलं घर वाचतं. जिथे दगड संपतात तिथून लाट वळून शेजारच्या वाडीची वाळू खाते. मग तो शेजारी मागणी करतो, दगड आणखी शंभर पावलं पुढे सरकतात. रात्री जेवताना दादा म्हणाले, साडेदहाला ऐका. चौदाची पाऊणपट, भाच्याने लगेच हिशेब केला. साडेदहाला आम्ही मागच्या दारात उभे राहिलो. पाणी दिसत नव्हतं. दगडावर लाट आपटायची, आणि मग पायाखालच्या वाळूतून काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. “रोज येता नीज?” मी माझ्या तुटक्या मालवणीत वहिनींना विचारलं.

“आवाज येता तवसर नीज येता,” त्या म्हणाल्या. “आवाज बंद झालो की उठान बघतंय.”

दिवस सहावा, पौर्णिमा: वेंगुर्ला

मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट कांदळवनाची सफर घडवतो. २०१७ साली सुरुवात झाली. मच्छीमार घरांतल्या बायका, स्वतः वल्ही मारतात. दोघींनी आम्हाला होडीत बसवलं, एक पुढे, एक मागे. पुढच्या मावशी माझ्याच वयाच्या, दंड माझ्या मांडीएवढे.

त्यांनी पांढरी चिप्पी दाखवली, २०२० पासून राज्याचं कांदळवन वृक्ष असलेली. चिखलातून वर आलेली श्वासमुळं दाखवली, मीठ बाहेर टाकणारी तिवराची पानं चाटायला लावली. खरंच खारट. “पयलां ह्या झाडांका आम्ही सरपण म्हणून बघू,” मावशी म्हणाल्या. मी त्यांना खारेपाटातल्या बाबांचं वाक्य सांगितलं, बाहेर बाप आणि आत खोत. त्यांनी वल्हं थांबवून ते नीट ऐकलं, मागच्या बाईला मालवणीत सांगितलं, आणि दोघी हसल्या. मग मावशी म्हणाल्या, आमचं शेतच नव्हतं कधी, म्हणून आमका ता बापूसच.

पावसाळ्यात सफर बंद. करोनाच्या काळातही बंद होती, तेव्हा पुन्हा मासे विकले. सिंधुदुर्गात बचत गटांनी खाडीत खेकडे आणि कालवं वाढवायचेही प्रयोग केले. काही चालले, काही पाणी बिघडलं की गेले. नवऱ्याला काय वाटतं, असं मी विचारलं (विचारायला नको होतं). “होडयेत बसान बघू दे म्हणून एकदा घेवन गेलंय,” मावशी म्हणाल्या. “पैशे लावले.”

पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अकरा वाजता पाणी इतकं चढलं होतं की श्वासमुळं दिसेनाशी झाली आणि होडी चिप्पीच्या फांद्यांखालून, जवळजवळ पानांतून चालली. भाचा आडवा होऊन वर बघत होता. मला शहापूरचा काठा आठवत होता. या घटकेला पाणी तिथे त्या वरच्या दगडाला लागलेलं असणार.

“किती वाजले?” मावशींनी विचारलं.

भाच्याने मोबाईल बघितला. “अकरा पंचवीस.”

मावशींनी मोबाईलकडे नाही, खोडाकडे बघितलं. पाण्याच्या वर दोन बोटं ओली पट्टी उघडी पडली होती.

“सुकती लागली,” त्या म्हणाल्या, आणि होडी वळवली.